सालीच्या कापडावरची कोरी जागा

आमच्या बेटावर आपिया बंदराच्या धक्क्याला गुरुवारी मोठं जहाज लागलं की दुपारी एक वाजता आमची लाकडी बस निघते आणि साडेचारला पाहुण्यांना परत शिडीशी आणून सोडते. साडेतीन तासांत आम्ही त्यांना एक चर्च दाखवतो, एक धबधबा, गोड्या पाण्याची गुहा, नारळ खोवून दूध कसं पिळतात ते, आणि शेवटी आमच्या फागासिना गावात आईचं झाडाच्या सालीचं कापड. बस माझा मावसभाऊ तौवागा चालवतो. बोलायचं काम माझं. एकवीस वर्षं मी हेच बोलतो आहे, त्यामुळे कुठल्या वळणावर पाहुणे हसणार आणि कुठल्या वळणावर कॅमेरे काढणार, हे मला चर्चमधल्या गीतांइतकं पाठ आहे.

गीतांचं सांगायलाच हवं, कारण माझं अर्धं आयुष्य त्यात गेलं. आमचे पाळक प्रवचन देता देता मध्येच थांबतात, डोळे मिटतात आणि जी गोष्ट सांगत होते तीच गाऊ लागतात. पहिली ओळ त्यांची एकट्याची. दुसरी ओळ बायका उचलतात, तिसरीला पुरुषांचा खर्ज खालून येऊन मिळतो, आणि मग बाकांखालची जमीनसुद्धा गाते आहे असं वाटतं. सगळ्यांना सूर लावून देतो तो मी. वाचलेलं देवाचं वचन माझ्या कानापर्यंत येतं. गायलेलं पोटात उतरतं. स्वर्गात प्रवचनं होत असतील तर ती गाऊनच होत असतील, अशी माझी आपली समजूत आहे.

आमच्या खर्जात सगळ्यात खालचा सूर माझ्या धाकट्या भावाचा होता. पेसामिनोचा. सहा वर्षांपूर्वी मार्च महिन्यात तो टुना माशांच्या मागे एकटाच होडी घेऊन प्रवाळाच्या बांधापलीकडे गेला. होडी तिसऱ्या दिवशी उलटी सापडली. तो सापडला नाही.

आपली माणसं आम्ही अंगणातच पुरतो, घरासमोर. आईने त्याच्यासाठी थडगं बांधून घेतलं, त्याला पांढरा चुना दिला, वर पत्र्याचं छप्पर केलं. आत कोणी नव्हतं. बस अंगणापाशी थांबली की कोणीतरी पाहुणा बोट दाखवून विचारायचाच, हे कोणाचं? मी सांगायचो, माझ्या भावाचं. ते रिकामं आहे, हे मी सहलीत कधी सांगितलं नाही.

जुन्या काळी समुद्रात माणूस गेला आणि देह मिळाला नाही, तर घरचे किनाऱ्यावर सालीचं कापड अंथरून बसत. हाक मारायची आणि वाट बघायची. कापडावर जे काही जिवंत चढेल, मुंगी, नाकतोडा, पाल, काहीही, ते झटकून टाकायचं. पुन्हा चढलं तर पुन्हा झटकायचं. तिसऱ्यांदाही तेच आलं, तर ते आपलं माणूस. मग कापडाची चार टोकं बांधायची आणि गाठोडं घरी आणून पुरायचं. म्हणजे जीव भटकत राहत नाही.

हे करू द्या म्हणून आईने पाळकांना विचारलं होतं. ते मऊपणाने म्हणाले, एसेटा, तुझा मुलगा देवाच्या हातात आहे, त्याला किड्यामुंग्यांत कशाला शोधतेस? मी चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक. मीही तेच म्हणालो, फक्त पाळकांइतक्या मऊपणाने नाही.

"सगळ्या गावाला सूर लावून देतोस," ती म्हणाली, "घरात मात्र तुझ्या कानात बोळे."

पुन्हा तिने विषय काढला नाही.

पुढच्या वर्षी ती आपणहून सहलीत आली. तिचा जन्म सालीचं कापड करण्यात गेला होता. साल सोलायची, शिंपल्याने खरवडायची, ओली असतानाच लाकडी फळीवर ठोकत राहायचं. तळहाताएवढी पट्टी ठोकून ठोकून हातभर रुंद होते. ठोकण्याने तिची बोटं आखडून वाकडी झाली होती. स्वतःच्या पोलक्याची बटणंही तिला लावता येत नसत, पण पाहुण्यांना दाखवण्यापुरती ठोकणी ती दोन तळव्यांत धरायची. तिची अट एकच होती. एक मोठं कापड होतं, ते विकायचं नाही. पण दर खेपेला ते वाळूवर अंथरायचं, होड्या जिथून बाहेर जातात त्या बांधाच्या खिंडीसमोर, उन्हात. मी म्हणालो, आई, सावलीत बस, पाहुणेही सावलीत बरे उभे राहतील. ती म्हणाली, उन्हात रंग खुलतो.

त्या कापडावर काळ्या-तपकिरी रंगात पानं, माशांची जाळी, पक्ष्यांच्या पायांचे ठसे, सगळं खच्चून भरलेलं होतं. मधोमध मात्र पंजाएवढी जागा कोरी होती. मी विचारलं, हात दुखला का? ती म्हणाली, जागा ठेवली आहे. मला वाटलं, म्हातारपण.

मागच्या जुलैत एका जहाजातून एक बारीकशी वृद्ध बाई आली. शाळेत किडेमकोडे शिकवून निवृत्त झालेली, गळ्यात भिंग. बाकीचे फोटो काढत असताना ती कापडाशेजारी उकिडवी बसून राहिली. मग मला हळूच बोलावलं. नारळाच्या बुंध्यापासून मुंग्यांची एक रांग पाण्याकडे चालली होती. कापडाच्या काठाशी पोचली की रांग वळत होती, सगळ्या काठाने फिरून पलीकडे जात होती आणि पुन्हा सरळ होत होती. वाळूतल्या उड्या मारणाऱ्या किड्यांचंही तेच. माशीसुद्धा बसत नव्हती. बाईने काडीवर एक मुंगी उचलून कापडावर सोडली. मुंगी क्षणभर थांबली आणि धावत काठाबाहेर गेली.

"तुमची आई याला काही लावते का?" बाईने विचारलं.

मी आईला विचारलं. आईने मान वरसुद्धा केली नाही. "त्यांना कळतं," ती म्हणाली, "ते त्यांच्यासाठी नाही म्हणून."

तेव्हा मला कळलं, चार वर्षं माझी आई सहलीत काय करत होती ते. दर गुरुवारी, बत्तीस पाहुण्यांच्या देखत, माझ्याच बसच्या वेळापत्रकाप्रमाणे ती माझ्या भावाची वाट बघत बसत होती.

संध्याकाळी मी तिला सांगितलं की यापुढे कापड छपराखाली अंथरायचं. मी चांगलं बोललो नाही. तिने ऐकून घेतलं आणि भांडी आवरायला गेली. पण दोन महिन्यांत तिचा खोकला वाढला, पायांवर सूज आली, आणि ती अंथरुणाला खिळली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं आहे, दिवस थोडे आहेत. एका गुरुवारी मी निघताना तिने मला जवळ बोलावलं. "कापड तू ने. वाळूवरच अंथर. छपराखाली अंथरलंस, तर मेल्यावर रविवारी तुझ्या गाण्यात येऊन बेसूर करीन."

मरणाऱ्या आईला काय नाही म्हणायचं. मी वाळूवर अंथरू लागलो. परत आलो की ती विचारायची, "कापडावर काही आलं?" मी म्हणायचो, नाही. ती भिंतीकडे कूस वळवायची.

मग एका गुरुवारी रस्त्याचं काम चालू होतं म्हणून आम्हाला उशीर झाला होता. फागासिनाला पोचायलाच पावणेचार वाजले. आई सोबत नसल्यामुळे ठोकून दाखवणारं कोणी नव्हतं. त्याच्याऐवजी काहीतरी हवं म्हणून मी पाहुण्यांना ती जुनी रीत सांगितली. पहिल्यांदाच सांगितली, आणि हसवत सांगितली. माझ्या एका आत्याच्या नवऱ्याचं कापड अंथरलं तर त्यावर झुरळ चढलं, आत्या म्हणाली, हो, हाच तो. सगळे हसले.

खेकडा पाण्यातून आला.

किनाऱ्यावरचे खेकडे बिळातून येतात, तिरपे पळतात, माणूस दिसला की आत शिरतात. हा करड्या रंगाचा, ओलाचिंब, लाटेतून वर आला आणि न थांबता पाहुण्यांच्या पायांमधून चालत राहिला. लोक बाजूला झाले. तो कापडावर चढला, मधल्या कोऱ्या जागेत गेला आणि पाय पोटाशी घेऊन बसला. जागेत तो बरोब्बर मावला.

कोणीतरी विचारलं, शिकवलेला आहे का? पुन्हा हशा. मी कापडाचं टोक उचलून त्याला झटकलं.

तो परत आला. त्याच जागी बसला. मी दुसऱ्यांदा झटकला. आता पाहुणे टाळ्या वाजवत होते.

तिसऱ्यांदा तो हळू आला. दमलेला माणूस जिना चढतो तसा. बसला.

कोणी हसलं नाही. एक जण म्हणाला, "आता?"

वर रस्त्यावर तौवागाने भोंगा वाजवला.

मला पाळक आठवले, चर्चमधले बाकीचे कारभारी आठवले, साडेचारची वेळ आठवली. मी हसत म्हणालो, "आता जहाज सुटेल." आणि दोन्ही टोकं धरून कापड जोराने झटकलं.

तो सुटला नाही. मी पुन्हा हिसका दिला. तेव्हा तो दगडावर पडला, आणि थोड्या वेळाने पाण्याकडे गेला. कोऱ्या जागेत सालीच्या धाग्यांना धरून त्याचा एक पाय राहिला होता. पायाचं पेर बराच वेळ हलत होतं.

शिष्याने प्रभूला तीनदा नाकारल्याची गोष्ट आम्ही दरवर्षी, प्रभूला क्रुसावर दिलं त्या शुक्रवारी गातो. तिसऱ्या नकारानंतरची ओळ माझी एकट्याची असते. परतीच्या रस्त्याने मला ती आठवत नव्हती.

घरी आलो. आईने विचारलं, "कापडावर काही आलं?"

"नाही," मी म्हणालो.

सहाच्या पुढे गावात शंख वाजतो. मग रस्त्यावर कोणी राहत नाही, राहिलं तर गाव दंड करतं. घराघरांत प्रार्थना होते, एका घरातलं गाणं दुसऱ्या घरात ऐकू येतं. आमच्या घरी सुरुवात मी करतो. त्या संध्याकाळी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. बायकोने गीत निभावून नेलं. आमेन झाल्यावर आई अंथरुणातून म्हणाली, "काय आलं होतं?"

मी सगळं सांगितलं. रुमालात बांधून आणलेला पाय तिच्या तळहातावर ठेवला. तिने वाकड्या बोटांची मूठ मिटली.

"तिसऱ्यांदाही झटकलंस?"

मी मान डोलावली. ती रडली नाही, रागावली नाही. दुसऱ्या हाताने माझं डोकं कुरवाळत राहिली, आणि ते मला रागावण्यापेक्षा जड गेलं. मग म्हणाली, "उद्या मला तिथे ने."

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर तौवागाने आणि मी तिला खुर्चीत बसवून किनाऱ्यावर नेलं. कापड अंथरलं. शंखाची वेळ झाली, तेव्हा मी तिथेच बसून राहिलो. तिने मला उठवलं. "मी म्हातारी, मला कोणी दंड करणार नाही. तू घरी जा आणि गा. मोठ्याने गा, म्हणजे त्याला कळेल घर कुठल्या बाजूला आहे."

मी आयुष्यात तसा गायलो नाही. गीताची दुसरी ओळ शेजारच्या घराने उचलली, मग त्यापुढच्या, मग सगळ्या गावाने. तिसऱ्या ओळीला खर्ज आला. नेहमीपेक्षा फार खालून आला, समुद्राच्या बाजूने. मला रडू फुटलं, पण मी गाणं थांबवलं नाही.

प्रार्थना संपल्याचा शंख झाला आणि तौवागा आणि मी धावत गेलो. आई खुर्चीत होती. तोंडावर हसू. तिच्या पुढ्यात कापडाची चार टोकं एकत्र करून गच्च बांधलेली.

"डोळे मिटून ऐकत होते," ती म्हणाली. "उघडले तर बांधलेलं. स्वतःच बांधून घेतलंन त्याने. त्याचीच गाठ, बघ."

मी बघितलं. पेसामिनोची गाठ मला माहीत होती. दोन वेढे आणि टोक आत खुपसलेलं. लहानपणी मीच शिकवली होती. ही तशी नव्हती. अशी गाठ मी कुठे पाहिली नव्हती.

मी आईच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणालो, "हो, त्याचीच."

तौवागाने गाठोडं एका हाताने उचलायला घेतलं, मग दोन्ही हातांनी, मग माझ्याकडे बघितलं. "मारेको, खेकडा आहे ना यात?" आम्ही दोघांनी मिळून उचललं. घरापर्यंत तीनदा खाली ठेवावं लागलं. सगळ्या वाटेवर पाणी गळत होतं, आणि ते उन्हाने तापलेल्या किनाऱ्यावरचं पाणी नव्हतं. ते फार गार होतं. उघडून बघू का, असं तौवागाने विचारलं तेव्हा आई म्हणाली, उघडायचं नसतं.

सकाळी पाळक आले. मला बोलणी खायची तयारी होती. त्यांनी आईकडे बघितलं, टोपी काढली आणि न विचारता गायला लागले. आम्ही गाठोडं थडग्यात ठेवून फरशी सिमेंटने बंद केली. आई दोन वाट्या नारळाच्या दुधातलं अळकुडीचं कालवण जेवली आणि दुपारभर झोपली. सहा वर्षांत तिला अशी झोप लागलेली मी पाहिली नव्हती. पुढे ती एकोणीस दिवस होती. जाताना माझा हात धरून म्हणाली, बरं झालं, आता सगळे एका अंगणात. तिच्या मुठीतला पाय आम्ही तिच्याबरोबर राहू दिला. तिच्या इच्छेप्रमाणे तिला त्याच्या उजव्या अंगाला पुरलं.

डिसेंबरात पुन्हा जहाज आलं. आईने अर्धवट रंगवलेलं एक लहान कापड घरात होतं. दाखवायला काहीतरी हवं म्हणून मी ते वाळूवर अंथरलं, सवयीने, खिंडीसमोर.

तो पाण्यातून आला. करडा, ओला. डाव्या बाजूला एक पाय कमी.

या कापडावर कोरी जागा नव्हती. तो एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत फिरत राहिला, पुन्हा मागे, पुन्हा मधोमध. शोधत होता.

मी तौवागाला म्हणालो, पाहुण्यांना घेऊन जा. त्याने माझ्याकडे बघितलं आणि भोंगा न वाजवता बस काढली.

मी झटकलं नाही. दुसऱ्या, तिसऱ्या खेपेची वाट बघितली नाही. वाळूत गुडघे टेकले, चार टोकं उचलली, दोन वेढे दिले, टोक आत खुपसलं. गाठोड्याला वजनच नव्हतं. मूठभर वाळक्या पानांएवढं.

घरी आणलं तेव्हा प्रश्न पडला की ठेवायचं कुठे. भावाची जागा भरलेली होती. पाळकांना मी सगळं सांगितलं, गाठीचंही. मग आम्ही दोघांनी आईच्या थडग्याची पायाकडची फरशी उचलली आणि गाठोडं तिच्याजवळ ठेवलं. गीत म्हटलं, पण हळू म्हटलं. अंगणात उभा राहून मोठ्याने गायची मला आता भीती वाटते.

अजूनही गुरुवारी बस अंगणापाशी थांबते. कोणीतरी बोट दाखवून विचारतं, हे कोणाचं? मी आईपाशी उभा राहतो आणि सांगतो, इथे माझी आई आणि माझा भाऊ.

"आणि ते दुसरं?"

मी घड्याळ बघतो. तौवागा गाडी चालू करतो.

नारळाच्या बुंध्यापासून मुंग्यांची रांग अंगणात येते. आईच्या फरशीवरून ती सरळ जाते. त्या दुसऱ्या थडग्यापाशी आली की वळसा घालते. नाताळात हा वळसा थडग्याच्या कडेला लागून होता. आज सकाळी मी मोजला. दोन हात लांबून जातो, आणि आमच्या पायरीपर्यंत आता तीनच हात उरले आहेत.